दाराबाहेरचे बूट

“मग कौसामावशीचं नाव मंडळीच्या यादीतून काढू की नको, बाई? हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

पाळक सिलास मकासरे अंगणात उभा होता. हेल्मेट अजून हातातच होतं.

“आधी हात धू,” बाई म्हणाल्या. “चीक गार होतोय.”

बाई म्हणजे यमुनाबाई वैरागर. पाळक तयार करणाऱ्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शास्त्र शिकवलं. आता तालुक्याच्या गावी, मिशनच्या जुन्या आवारात, एका खोलीत राहत होत्या. आसपासच्या कितीतरी मंडळ्यांचे पाळक त्यांच्या हाताखालून गेलेले होते. त्यांत सिलास सर्वांत हुशार.

हे बाईंना माहीत होतं. सिलासलाही माहीत होतं.

बाई त्या सकाळी कुरडया घालत होत्या. बाजेवर जुनं लुगडं पसरलेलं, शेजारी पातेल्यात गव्हाचा शिजवलेला चीक, वाफ निघणारा. उजवं मनगट काल कुरडया घालतानाच मुरगळलं होतं, त्याला फडकं बांधलेलं. सोऱ्याचा दांडा फिरवायला त्या कुणाची तरी वाट पाहत होत्या.

सिलास म्हणाला, मी कुरडया घालायला आलेलो नाही.

बाई म्हणाल्या, ते मला कळतं, चिकाला कळत नाही.

त्याने हात धुतले. पाटावर बसला. बाईंनी डाव्या हाताने सोऱ्या भरून दिला आणि त्याने दांडा फिरवायला सुरुवात केली. पहिली कुरडई अर्ध्यावरच तुटली.

“घाई आहे तुला.”

“संध्याकाळी मंडळीच्या पंचांची बैठक आहे, बाई. त्याआधी मला ठरवायचं आहे.”

“मग सांग. हात चालू ठेवून सांग.”

तो सांगू लागला.

सिलासची मंडळी होती त्या शेरीवस्तीवर गेले काही महिने हवा बिघडली होती. कुणीतरी उठवलं होतं की इथे आमिष दाखवून माणसं बाटवतात. शेजारच्या एका गावात प्रार्थनेच्या घराच्या काचा फुटल्या. एका पाळकाला भर बाजारात मारहाण झाली. वस्तीवरच्या ख्रिस्ती बायांना खुरपणीला कुणी बोलवेना. ज्या दुकानातून पिढ्यान् पिढ्या मीठ-मिरची आणली, तो दुकानदार मान वर न करता ‘माल संपला’ म्हणू लागला.

चर्चला कुलूप लागलं. कुणी लावायला सांगितलं नव्हतं. पंचांनीच लावलं.

मग उपवासकाळाच्या प्रार्थना घराघरांतून होऊ लागल्या. आवाज बारीक ठेवायचा. गीत म्हणायचं ते ओठांत. पेटी नाही, टाळ नाही. आणि दाराबाहेर चपला ठेवायच्या नाहीत. आलेल्या माणसाने आपली चप्पल उचलून आत आणायची, पोत्यात टाकायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, घरात घरचीच माणसं आहेत.

“शहाणपणाचं केलं,” बाई म्हणाल्या.

दुसरी कुरडईही तुटली.

त्या बुधवारी प्रार्थना कौसामावशीकडे होती. कौसामावशी म्हणजे वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. घर लहान, पण मागे एक आडवी खोली, धान्याच्या कणगीची. प्रार्थना तिथेच चालली होती. ऊन अजून उतरायचं होतं. तेवढ्यात मोटारसायकली आल्या. तोंडाला रुमाल बांधलेले तरुण. बरेचसे बाहेरगावचे. दोघे-तिघे गावातलेच, रुमाल बांधूनही ओळखू येणारे.

कौसामावशी उठली. मधलं दार ओढून घेतलं आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्यांनी विचारलं, आत कोण आहे?

ती म्हणाली, कुणी नाही.

त्यांनी विचारलं, तू ख्रिस्ती आहेस ना?

सिलासने दांडा फिरवायचं थांबवलं.

“आणि बाई, ती म्हणाली… मी ख्रिस्ती नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. थरथरत नव्हती, रडत नव्हती. भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. मी ख्रिस्ती नाही.”

“मग?”

मग त्यांनी दारावरचा क्रूस दाखवला. गेल्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला, शिंदीच्या झावळीचा, वर्षभर उन्हाने पिवळा पडलेला. म्हणाले, नाहीस ना, मग हा काढ आणि पायाखाली घाल.

तिने काढला. आणि घातला.

त्याचा व्हिडिओ त्यांनी काढला. तो आता तालुकाभर फिरत होता. सिलासच्या मोबाइलवरसुद्धा चार ठिकाणांहून आला होता. तो दाखवू लागला. बाई म्हणाल्या, हात चिकट आहेत तुझे, ठेव खिशात.

आवारातल्या कडुलिंबावर कावळे जमले होते. बाईंनी एक काठी उचलून बाजेच्या कडेला टेकवली. कावळे जागचे हलले नाहीत.

“जाताना म्हणाले, पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी परत येऊ,” सिलास म्हणाला. “तुमचा मोठा दिवस असतो, प्रभुभोजन असतं, ते आम्हाला माहीत आहे. याच घरापासून सुरुवात करू म्हणाले. बघू म्हणाले, म्हातारी खरं बोलली की खोटं.”

बाईंनी सोऱ्या उघडून पुन्हा भरला.

त्याला बाईंचं गप्प राहणं सोसेना. तो बोलतच राहिला. म्हणाला, आपल्या पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांनी ओढ्याला झिरे खणून गढूळ पाणी प्यायलं, पोरं आजारी पडली, तरी कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. म्हणाला, ज्या पायाने क्रूस चुरला, त्याच पायाने ती गुरुवारी प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत चालत येणार आणि मी तिच्या हातावर भाकर ठेवायची? आज एकीला चाललं तर उद्या सगळी वस्ती ‘नाही’ म्हणेल. आणि मग कुलूप लावायलाही कुणी उरणार नाही.

तो थांबला. श्वास घेतला.

“आणि ती कोंबडा आरवल्याची गोष्ट मला सांगू नका. प्रभूला ओळखत नाही म्हणणाऱ्याला प्रभूने जवळ केलं, हे मला ठाऊक आहे. मीच त्यावर दोन रविवार बोललोय.”

“मी कुठं सांगते?” बाई म्हणाल्या. “ती तुझ्या तोंडून ऐकलीय मी. चांगला बोलला होतास. जरा लांबवली होतीस.”

त्याला हसू आलं नाही.

“ती चुकली,” बाई म्हणाल्या.

सिलासने मान वर केली.

“पायाखाली घालायला नको होतं. ते वाईट झालं.”

“मग काढू नाव?”

“ती काय म्हणते?”

तीच म्हणते काढा म्हणून, सिलासने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या दारात आली होती. गीतांचं पुस्तक फडक्यात बांधून आणलेलं. ते पायरीवर ठेवलं. म्हणाली, पाळकसाहेब, माझं नाव काढून टाका, माझ्या तोंडाला आता हे शोभत नाही. आणि गेली. आत ये म्हणायलासुद्धा उसंत दिली नाही.

“तू म्हणाला असतास?”

“काय?”

“आत ये.”

सिलास दांडा फिरवत राहिला. कुरडई या वेळी तुटली नाही, पण वेडीवाकडी पडली.

“दुकानदार तिला आता तरी मीठ देतो का?” बाईंनी विचारलं.

“नाही. कुठला देतोय.”

“खुरपणीला बोलावतात?”

“नाही.”

“म्हणजे तिच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही,” बाई म्हणाल्या. “तुझा बसला.”

…

सिलास पाटावरून उठला. अंगणात एक फेरी मारून आला. हेल्मेट उचललं, परत ठेवलं. बाई एका हाताने कुरडया सारख्या करत होत्या.

तो परत बसला तेव्हा चिडलेला होता. म्हणाला, तुम्ही तिची बाजू घेताय, पण तिने एकच गोष्ट नाकारली असं नाही. एकामागून एक खोटं बोलली. आत कुणी नाही म्हणाली. मी ख्रिस्ती नाही म्हणाली. आणि त्यांनी बुटांचं विचारलं, तेव्हा तेही खोटंच सांगितलं.

“कसले बूट?”

“दाराबाहेरचे. आत कुणी नाही तर हे कुणाचे, म्हणाले. ती म्हणाली, माझ्या मेलेल्या नवऱ्याचे, उन्हात ठेवलेत.”

“कुणाचे होते?”

सिलासने सोऱ्याकडे पाहिलं. चीक संपला होता. त्याने सोऱ्या बाईंच्या पुढे केला. बाईंनी घेतला नाही.

“बूट कुणाचे होते, सिलास?”

“… माझे.”

“तुझं पोत्यात टाकायचं राहिलं?”

राहिलं नव्हतं. ते त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याची मान पुन्हा ताठ झाली. चपला लपवायच्या हे त्याला पहिल्यापासून पटलं नव्हतं. त्याने मंडळीला तसं सांगितलंही होतं. पोत्यात चपला भरून प्रार्थना करायची ही कसली भक्ती? ज्याला प्रभूची लाज वाटत नाही त्याने आपलं पायताण दारात ठेवावं. कुणी ऐकलं नाही. सगळे मुकाट आपापली चप्पल उचलत राहिले. मग त्याने ठरवलं, निदान पाळकाने तरी ठेवावं. दर वेळी तो आपले बूट दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, नीट जोडीने काढून ठेवायचा. काळे, पॉलिश केलेले.

“छान दिसत असतील,” बाई म्हणाल्या.

“बाई, ती साक्ष होती.”

“लांबूनही दिसत असतील.”

त्याने रिकामा सोऱ्या खाली ठेवला.

“त्यांना घर कसं कळलं रे? वस्तीला इतकी दारं. सगळी सारखी.”

सिलासच्या कपाळावर घाम आला होता. ऊन चढलं होतं, चिकाची वाफ होती. त्याने बाहीने पुसला.

“बूट बाहेर ठेवलेस,” बाई म्हणाल्या. “आणि पाय?”

…

“पाय कुठं होते तुझे?” बाईंनी पुन्हा विचारलं.

आत होते, सिलास म्हणाला. मागच्या खोलीत. कणगीच्या मागे. पण ते त्याच्या मनात नव्हतं, पंचांनी ओढून नेलं. पाळक सापडला तर त्याच्यावर बाटवल्याचा आळ येणार, मग सगळ्या मंडळीची धरपकड होणार. असं झालं तर पाळकाने पुढे यायचं नाही, हे बैठकीत आधीच ठरलं होतं. सगळ्यांच्या भल्यासाठी.

“तेही शहाणपणाचंच केलं,” बाई म्हणाल्या.

“पण मी नाकारलं नाही, बाई. मी एका शब्दाने नाकारलं नाही.”

“तुला कुणी विचारलं?”

सिलास हाताला लागलेला चीक पुसत राहिला.

तो अगदी हळू म्हणाला की या सगळ्याचा मूळ प्रश्नाशी काही संबंध नाही. नियम तो नियम. उघड नाकारणाऱ्याला मेजापासून दूर ठेवायचं हे तुम्हीच शिकवलंत. त्याने बोटं मोडली. घड्याळ पाहिलं. त्याला निघायचं होतं आणि निघवत नव्हतं.

“हो किंवा नाही, बाई. मी तेवढंच मागतोय.”

“देते उत्तर. आधी एक काम कर. हे लुगडं भरलं. आत फडताळात दुसरं आहे, तेवढं आण.”

सिलास उठून खोलीत गेला.

खोलीत अंधार नव्हता, पण बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्याला काही दिसेना. भिजवलेल्या गव्हाचा आंबट वास भरून राहिला होता. त्याने चाचपडत फडताळ उघडलं. लुगडं हाताला लागलं.

मागे दार लागलं. बाहेरून कडी सरकली.

तो हसला. म्हणाला, बाई, कडी लागली बघा.

बाहेरून उत्तर आलं नाही.

मग दारावर दणका बसला. चीक ढवळायच्या लाकडी दांडक्याचा असावा. जुनं दार चौकटीसकट हाललं.

“आत कोण आहे?”

बाईंचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. वर्गात त्या कधी आवाज चढवत नसत.

उत्तर सोपं होतं. मी आहे, सिलास. भर दिवस होता. बाहेर एक म्हातारी होती, मनगट मुरगळलेली. हे सगळं त्याला कळत होतं.

पुन्हा दणका.

“आत कोण आहे?”

पाठीला भिंत लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो मागे सरकला आहे. फडताळ आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत तो उभा होता. लुगडं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. गव्हाचा वास येत होता. कणगीच्या मागेही असाच येत होता.

मग बाहेरून दुसराच आवाज आला. खालचा. थकलेला. बाईंनी कौसामावशीला कधी पाहिलंही नव्हतं.

“आत कुणी नाही, दादा.”

…

“मी ख्रिस्ती नाही.”

आणि मग उंबऱ्यापाशी काहीतरी चुरल्याचा आवाज झाला. वाळलेलं, हलकं, पायाखाली गेलेलं.

“थांबा,” सिलास म्हणाला.

तो सांदीतून बाहेर आला. लुगडं हातातून पडलं. त्याने दाराला दोन्ही हात लावले.

“थांबा. मी आहे आत. तिला काही विचारू नका. मी आहे आत, मी.”

तो दार ठोठावत होता. बाहेर सगळं शांत झालं होतं. तरी तो ठोठावत राहिला.

कडी निघाली. ऊन एकदम डोळ्यांवर आलं.

बाई दारात उभ्या होत्या. अनवाणी. काल घातलेल्या कुरडयांमधली एक उंबऱ्यावर चुरा होऊन पडली होती. दांडका उजव्या हाताने उचलल्यामुळे मनगट दुखत असावं. त्या ते डाव्या हाताने दाबून धरत होत्या.

सिलासने तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला.

“इथं कडी बाहेरून होती,” बाई म्हणाल्या. “तिथं?”

कणगीच्या खोलीचं ते मधलं दार कौसामावशीने नुसतं ओढून घेतलं होतं. कडी कुणी लावली, हे आतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी कधी बोललं नव्हतं.

“… आतून,” सिलास म्हणाला.

“कुणी?”

“मी.”

बाईंनी वाकून लुगडं उचललं, झटकलं. सिलास उंबऱ्यावरच बसला, त्या चुऱ्याशेजारी. कावळे बाजेच्या पायथ्याशी उतरले होते आणि त्यांना कुणी हाकलत नव्हतं.

“मग काढायचं तर माझं नाव काढायला हवं,” तो म्हणाला.

“नावं काढायची तुला भारी हौस.”

“थट्टा नाही, बाई. मी गुरुवारी मेजाशी उभा राहू शकत नाही. संध्याकाळी पंचांना सांगतो, मी या कामाला लायक नाही, दुसरा पाळक बघा. आजच सांगतो.”

“सांग की,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी ते येणार आहेत म्हणालास ना? तोवर तू मोकळा झालेला असशील.”

सिलासला ते लागलं. तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

पलीकडच्या खोलीतून कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. त्या संपल्या. जाहिराती सुरू झाल्या.

बाई पातेल्यापाशी गेल्या. चिकात बोट घालून पाहिलं. गार झाला होता, घट्ट बसला होता. आता त्याच्या कुरडया होणार नव्हत्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

सिलासच्या खिशातला मोबाइल थरथरू लागला. पंचांपैकी कुणीतरी असावं. त्याने काढून पाहिला नाही. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली.

“ते विचारणार, बाई,” तो म्हणाला. आवाज लहान झाला होता. “काय ठरलं म्हणून विचारणार. तिचं नाव राहिलं की गेलं. मी काय सांगू त्यांना?”

…

“आणि कौसामावशी तर दारसुद्धा उघडत नाही आता,” तो म्हणाला. “परवा दोघी बाया गेल्या होत्या. आतूनच म्हणाली, मी इथं नाही. मी तिला काय सांगू? क्षमा कुणी कुणाची मागायची? मला काही कळेनासं झालंय.”

बाईंनी हेल्मेट उचललं. त्यावर चिकाचा एक थेंब वाळला होता, तो नखाने खरवडून काढला. मग ते त्याच्या हातात दिलं.

“गुरुवारी तिच्या दारात तू उभा राहा.”